लुगड्याचा पट्टा

सांगवीचं घर सोडून कुरुळीला आलो त्याला आता दोन वर्षं झाली. नवऱ्याची कंपनी इथून जवळच, चाकणला. नाशिक फाट्याच्या पुढे गाड्या कशा रांगतात ते त्या रस्त्याने रोज जाणाऱ्याला वेगळं सांगायला नको. घरी आल्यावर तो अर्धा तास नुसता बसून राहायचा. घर बदलायचं मीच ठरवलं.

माझे दोन्ही पाय लहानपणी पोलिओत गेले. चाळिशीपर्यंत कुबड्यांवर भागलं, मग खांदे कुरकुरायला लागले आणि चाकाची खुर्ची आली. त्यामुळे फ्लॅट बघायला गेलो तेव्हा बिल्डरचा माणूस क्लबहाउसचं कौतुक सांगत होता आणि मी नवऱ्याला बाथरूमच्या दाराला टेप लावायला सांगत होते. तीस इंच भरलं. खुर्ची जात होती. मी होकार दिला.

खुर्चीत मला बसवणार कोण, हे मात्र टेपने मोजता येत नव्हतं. रात्री खुर्चीतून पलंगावर सरकायला मला एक फळी पुरते. सकाळी पलंगावरून वर यायला माणूस लागतं. नवऱ्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, त्याला वजन उचलायची मनाई.

सांगवीत अकरा वर्षं हे काम मावशींनी केलं. जुन्या गावठाणातल्या, साठी ओलांडलेल्या, अंगाने काटक. सातच्या ठोक्याला कडी वाजायची आणि पाठोपाठ आवाज, "उठली का न्हाई म्हाराणी?" त्यांचं स्वतःचं एक जुनं सुती लुगडं होतं, ते आमच्याच घरी असायचं. त्याची लांब चौपदरी घडी करून त्या माझ्या कमरेभोवती आवळायच्या, मागे गाठ मारायच्या, माझ्या गुडघ्यांना आपले गुडघे टेकवायच्या आणि दोन्ही बाजूंनी लुगडं धरायच्या. एक-दोन-तीन कधी मोजलं नाही. "चल गं," म्हणायच्या, की मी खुर्चीत. आंघोळ घालताना गावठाणातल्या भावकीची भांडणं ऐकवायच्या. कुणाच्या सुनेने सासूला काय उत्तर दिलं हे मला अजून पाठ आहे. लुगडं मऊ होतं आणि त्याला कायम साबणाचा वास यायचा.

सामान बांधताना मी एकही वस्तू दोनदा हातात घेतली नाही. हवी ती खोक्यात, नको ती बाहेर. शेवटच्या दुपारी बोहारीण आली तेव्हा जुन्या कपड्यांच्या ढिगावर मी ते लुगडंही टाकलं. बकलाचा, दवाखान्यात वापरतात तसा पट्टा मी ऑनलाइन मागवला होता. चांगली घासाघीस करून एक मोठं स्टीलचं पातेलं मिळवलं आणि स्वतःवर खूश झाले.

कुरुळीत वॉचमनच्या ओळखीने एक बाई मिळाली. लातूरकडची, तिशीतली, नवरा इथल्या कंपनीत. तिने असं काम कधी केलं नव्हतं, म्हणून शिकवायला मावशी तीन दिवस येऊन राहायला तयार झाल्या. त्यांचं मनगट तेव्हा दुखत होतं. "मी नुस्ती सांगनार, हात न्हाई लावनार," असं आधीच बजावलं होतं.

पहिल्या सकाळी बकलाचा पट्टा बांधला. नव्या बाईने ओढलं, तो सरकून थेट काखेत आला आणि मी पलंगावर मागे पडले. दुसऱ्यांदा ओढलं तेव्हा बकल बरगडीत रुतलं आणि मी ओरडले. ती घाबरून दोन पावलं मागे सरली.

"मला भ्या वाटायलंय मॅडम. तुमाला पाडलं तर?"

मावशी पट्टा उलटसुलट करून बघत होत्या. "लुगडं कुटंय?"

"बोहारणीला दिलं."

"काय घेतलं?"

"पातेलं."

"मंग बस त्यात. ही काठ धरून उचलंल तुला."

नवी बाई फसकन हसली. हसली, तरी चपला पायात घातल्याच, आणि दार ओढून गेली. माझा नवरा ड्यूटीवर. मी छताकडे बघत पडले. ही परत आली नाही, तर सामान पुन्हा बांधायचं आणि त्याने पुन्हा त्या रस्त्यावर रांगायचं. मावशी पलंगाच्या काठावर बसल्या.

दहा-पंधरा मिनिटांनी दार वाजलं. बाईच्या हातात घडी केलेली सुती साडी होती, धुऊन धुऊन रंग गेलेली. "आईची हाय माझ्या. मऊ हाय. ह्यानं बघू का?"

मावशींनी त्या साडीचा पदर दोन बोटांत चोळला. "चालतंय," म्हणाल्या. मग घडी कशी, गुडघे कुठे, सगळं दाखवलं. बाई डावखुरी. गाठ तिने उलटी मारली.

"उलटीच मारतीया ही," मावशी म्हणाल्या.

"सुटते का?" मी विचारलं.

त्यांनी ओढून पाहिली. "न्हाई सुटत."

मी खुर्चीत आले, जरा तिरकी, पण आले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मावशी निघाल्या. पिशवी उचलून स्वयंपाकघरात गेल्या आणि ते पातेलं घेऊन आल्या. "ह्ये मी नेते. लुगडं माजं व्हतं."

अकरा वर्षांत ते लुगडं त्यांचं आहे हे मी विसरले होते. आवराआवरीच्या नादात त्यांना विचारायचंही सुचलं नव्हतं. "न्या," मी म्हणाले. त्यांनी पातेलं पिशवीत कोंबलं आणि फाट्यावर बस धरायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली. बाई एकटीच होती. साडीची घडी केली, उलटी गाठ मारली, गुडघे टेकवले.

"चला ताई," ती म्हणाली.

मी अजून "चल गं"ची वाट बघत होते, त्यामुळे उठायला एक क्षण उशीर झाला. तिने तेवढा क्षण मला धरून ठेवलं.