प्याद्याचा घोडा

ही गोष्ट सांगायची मी सहा वर्षं टाळली. घरात कुणी त्या सामन्याचा विषय काढला की मी पेपर तोंडासमोर धरायचो. आता लिहूनच टाकतो.

राजेंद्र नगरात आम्ही दोघे मित्र समोरासमोर राहायचो. निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी त्याच्या ओट्यावर बुद्धिबळ. तेही देशी पद्धतीचं, लहानपणापासून हाताला बसलेलं. त्यात प्यादं शेवटच्या रांगेत ज्या घरात पोचेल, त्या घराचं मोहरं होतं. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा.

त्या वर्षी आमच्या मंडळाच्या स्पर्धेत तरुणही उतरणार होते, म्हणून समितीने आंतरराष्ट्रीय नियम लावले. नियमांचा कागद मीच लिहून सभागृहाच्या दारावर चिकटवला. मित्राने तो वाचला नाही. तू आहेस ना, तूच सांग, म्हणाला. मी त्याला प्याद्याची पहिली दोन घरांची चाल सांगितली, राजा हत्तीच्या आड नेणारा किल्लेकोट करून दाखवला. शेवटच्या रांगेत कुठेही पोचलेल्या प्याद्याचा वजीर करता येतो, हे सांगायचं राहिलं. ते मात्र खरोखरच राहिलं.

अंतिम फेरीत आम्ही दोघेच उरलो. याआधी तो तीनदा अंतिम फेरीत हरला होता, त्यात दोनदा माझ्याकडून. महिन्याभरात घर विकून तो मुलीकडे पुण्याला जायचा होता. जाण्याआधी सभागृहातल्या विजेत्यांच्या फळ्यावर एकदा नाव लागावं, एवढं एकच वेड त्याच्या डोक्यात होतं.

रविवारी सकाळी तो खजराण्याच्या गणपतीला जाऊन आला. कपाळाला कुंकू, हातात लाडू. अर्धा माझ्या हातावर ठेवत म्हणाला, "घे भिया, आधी प्रसाद खा, मग मार खा."

आणि काय खेळला तो! सुरुवातीलाच त्याने एक घोडा फुकट सोडला. मी आनंदाने उचलला, आणि तीन खेळ्यांत माझा वजीर कोंडला गेला. बघ्यांची खुर्च्या ओढण्याची घाई झाली. "आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, आमच्यात माघार नसते," असं तो दर चढाईला सगळ्यांना ऐकवत होता. मी कसाबसा वजिरावजिरी करून सुटलो. मग त्याचा उंट मारला, त्याने माझा हत्ती घेतला. सत्तरी ओलांडल्यावर इतकं जिवंत मला दुसऱ्या कशानेच वाटलं नव्हतं.

शेवटी दोघांकडे एकेक हत्ती उरला. माझी दोन प्यादी मागे रखडलेली आणि त्याचं एकच प्यादं, पण सुसाट सुटलेलं. मला ते अडवता येईना. ते शेवटच्या रांगेत पोचलं, घोड्याच्या घरात. त्याच रांगेत माझा राजा उघडा उभा होता. तिथे वजीर बसला की शह, आणि खेळ संपला. मी हार मानायला हात पुढे करणारच होतो.

तेवढ्यात त्याने बाजूला पडलेला घोडा उचलला आणि माझ्याकडे बघितलं. "घोडाच ना रे?"

पंच खेळाडूंच्या बोलण्यात पडायचा नाही. बघ्यांना मध्ये बोलायची मनाई होती. मी मान हलवली. हो.

त्याने घोडा ठेवला. मी हत्तीने शह दिला, राजा हलला, मी घोडा मारला. सभागृहात एकदम कल्ला झाला. त्यानंतर त्याच्या एकट्या हत्तीला माझी दोन प्यादी अडवता आली नाहीत. तो उठला, मला मिठी मारली आणि म्हणाला, "निपटवलंस यार तू मला." हरलेल्याला त्याची चूक सांगायला नंतरही कुणी धजलं नाही.

पुण्याला गेल्यावर तो मोबाईलवर खेळायला लागला. एकदा फोन आला, हसतच. "अरे, कुठेही पोचलं तरी प्याद्याचा वजीर होतो म्हणे! आपण दोघे कसले अडाणी. तुलाही ठाऊक नव्हतं ना?"

मी म्हणालो, "नाही रे."

गेल्या हिवाळ्यात मी पुण्याचं तिकीट काढलं. समोर बसून सांगायचं ठरवलं होतं. निघायच्या दोन दिवस आधी त्याच्या मुलीचा फोन आला, बाबा गेले. मी त्याच तिकिटावर गेलो. तिच्यासमोर बसलो, चहा घेतला, आणि तिलाही सांगू शकलो नाही, की त्या दिवशी तुझे बाबा जिंकले होते, नियम मला माहीत होता, मला माफ कर.