कुठला चमचा?

दवाखान्याच्या औषधखोलीतल्या बाईंना सगळे मावशीच म्हणत, मोठे डॉक्टरसुद्धा. सव्वीस वर्षं त्या एकाच खिडकीमागे उभ्या होत्या. त्यांना काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या गुरूचा एक हट्ट होता: चिठ्ठी इंग्रजीत आली तरी वहीत नोंद लॅटिनमध्येच करायची. गुरू निवृत्त झाला, पण मावशींनी हट्ट सोडला नाही. घरी सून चिडवायची, की आई चहात साखरही मोजूनच घालतात.

त्या सकाळी तरुण डॉक्टरांचा फोन आला. नऊ नंबरच्या आजोबांचे ठोके बिघडलेत, हृदयाचं पातळ औषध पाठवा, सकाळी एक 'स्पून'. एवढं बोलून त्यांनी फोन ठेवलाही. मावशींनी बाटली भरली, वहीत 'सकाळी'चा लॅटिन शब्द झरझर लिहिला आणि 'स्पून'पाशी पेन अडलं. गुरूने शिकवलेले चमचे दोन: कॉक्लेआरे पार्वुम म्हणजे छोटा, कॉक्लेआरे माग्नुम म्हणजे त्याच्या तिप्पट. नुसता चमचा लिहायची सोयच नव्हती.

खिडकीशी नर्स खोळंबली होती. "मावशी, चमचा म्हणजे चमचा. कीस कसला काढताय? तिकडे आजोबांचा जीव टांगणीला लागलाय."

"तू कुठला काढून ठेवलायस?"

"जेवणाचा, मोठा. का?"

मावशींनी लगेच फोन लावला, तर डॉक्टर शस्त्रक्रियेच्या खोलीत गेलेले. नर्सने बाटलीसाठी हात पुढे केला. मावशींनी बाटली खिशात घातली आणि दुखऱ्या गुडघ्यांनिशी दोन जिने चढल्या. दारावरच्या माणसाने आत सोडायला साफ नकार दिला, तेव्हा त्यांनी सरळ दार ठोठावलं.

डॉक्टर मास्क लावूनच बाहेर आले. एवढ्यासाठी बोलावलंत, असं काहीसं पुटपुटले.

"छोटा की मोठा, तेवढं सांगा."

ते बोलता बोलता थांबले. "छोटा," ते हळूच म्हणाले. "मोठा दिला असता तर ठोके थांबलेच असते."

औषध मावशींनी स्वतः पाजलं. एवढ्या धावपळीनंतर हे एवढंसंच का, म्हणून आजोबा कुरकुरले. दुपारपर्यंत ठोके ताळ्यावर आले. नर्स मात्र दोन दिवस घुश्शातच होती. मावशींनी त्याच दुपारी वहीत 'पार्वुम' लिहिलं, पण उभ्याउभ्याच; अक्षर असं वाकडं आलं, की गुरूने नक्की पुन्हा लिहायला लावलं असतं.