नऊ खांब आणि एक घागर

आमच्या गावात डिस्क गोल्फचा आजवर एकच सामना झाला. त्यात मी एकटाच खेळलो आणि हरलो.

प्लास्टिकची तबकडी लांबून फेकायची आणि खांबावरच्या टोपलीत पाडायची, एवढाच हा खेळ. हे खूळ माझ्या मेहुण्याचं, विजयचं. पुण्याहून दिवाळीला आला, चार तबकड्या देऊन गेला, आणि मी पेटलो. दुष्काळानं उदगीरकडचा आमचा तलाव ठणठणीत कोरडा होता. एवढं मोठं मैदान शाळेतल्या आम्हा पीटीच्या मास्तरांना आयुष्यात मिळत नाही! वेल्डिंगवाल्या शेखचाचांनी सायकलच्या रिमा आणि साखळ्या जोडून नऊ खांब करून दिले. मी रोज सकाळी दगड वेचायचो, बाभळी तोडायचो. (घरात साधा केर मी कधी काढला नाही, हे माझ्या बायकोनं, सुनंदानं सगळ्या गल्लीला सांगितलं.)

"लोक पाण्यासाठी मरून राहिलेत, अन् तुम्ही ताटल्या फेकून राहिलात," ती म्हणायची.

तेवढ्यात विजयचा फोन आला. रविवारी तो त्याच्या कंपनीच्या साहेबांना घेऊन येणार होता. त्यांना आवडलं तर कंपनी पक्कं मैदान बांधून देणार होती. मग काय! शनिवारी मी प्रत्येक खांबाभोवती फक्कीचं गोल रिंगण आखलं आणि लाल रंगात नंबर टाकले. इथंच माझं डोकं फिरलं होतं.

आमच्याकडं टँकर यायच्या आधी घागर ठेवली की नंबर लागतो, माणूस घरी झोपला तरी चालतं. त्यात उदगीर नवा जिल्हा होणार अशी हवा. फक्की दिसली की लोकांना ती सरकारीच वाटायची. रविवारी जाऊन बघतो तर नऊ खांबांखाली नऊ रांगा! हंडे, घागरी, रंगाचे डबे, एका ठिकाणी नुसता चपलेचा जोड.

हा खेळ हाय, असं मी घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं. शेजारच्या शांतामावशी म्हणाल्या, "एवढं चांगलं काम केलं गुर्जी, अन् लाजून कशाला राहिलात?"

समोरून विजयला घेऊन साहेबांची गाडी आली आणि तिच्यामागून टँकर. ड्रायव्हर सरळ एक नंबरला जाऊन थांबला आणि घागरी भरायला लागल्या. माझं पक्कं मैदान डोळ्यांदेखत पाण्यात चाललं होतं! साहेब गाडीतून उतरताच, खेळ म्हणजे काय ते दाखवायला मी जीव खाऊन तबकडी फेकली. वाऱ्यानं ती वळली आणि डोक्यावर भरली घागर घेऊन येणाऱ्या बाईला लागली. म्हणजे घागरीला. बाई म्हणजे सुनंदा. पाहुण्यांच्या चहाचं पाणी जमिनीनं एका घोटात पिऊन टाकलं.

सुनंदानं तबकडी पदरानं पुसली, शेजारणीच्या घागरीवर झाकण म्हणून ठेवली आणि रिकामी घागर माझ्या हातात दिली.

साहेब मात्र खूश. इतकं शिस्तीचं पाणीवाटप त्यांनी कुठंच पाहिलं नव्हतं. फोटो काढून घेतले आणि जाताना माझा खांदा थोपटत म्हणाले, "मास्तर, यात काहीही बदल करू नका."

बदल केला नाही. विजय अजून फोनवर विचारतो, "दाजी, सराव चालू हाय ना?"

"हाव, रोज," मी सांगतो आणि घागर घेऊन नऊ नंबरकडं निघतो. तो सगळ्यात लांब आहे. जवळच्या रांगेत सुनंदा मला उभंच राहू देत नाही.