आमच्या काउंटरवर कॅमेरा लागला तेव्हा

उभ्यानं करायची नोकरी असली की किस्से लई साचतात. दिवसभर पाय कामाला आणि तोंड मोकळं! गिऱ्हाईक नसलं की बोलणार नाही तर काय करणार? बेळगावात कापडाच्या एका दुमजली दुकानात मी चौदा वर्षं साडी सेक्शनला आहे. घर खानापूरकडच्या खेड्यात, रोज बसनं येते. दुकानात किस्से काही कमी नव्हते. पण दोन वर्षांपूर्वी आमच्या दुकानात दहा दिवस एका पिक्चरचं शूटिंग झालं, आणि आधीचे सगळे किस्से जुन्या डिझाईनसारखे मागं पडले. हिरॉईन साडी सेक्शनची सेल्सगर्ल, हिरो शर्टिंगच्या काउंटरवर. म्हणजे आमचीच स्टोरी! आम्हाला वाटलं, आता आपल्याला कामं मिळणार.

*

पहिल्याच दिवशी आम्हाला रांगेत उभं केलं. रांगेत पुढं कृष्णाअण्णा. शर्टिंगच्या काउंटरवर बत्तीस वर्षं काढलेला माणूस! डायरेक्टरनं त्यांना खालून वर बघितलं, वरून खाली बघितलं.

"हे सेल्समन वाटत नाहीत."

"मग काय वाटतोय?" अण्णांनी विचारलं.

"हेडमास्तर!"

आणि सेल्समनसाठी निवडला कुणाला? त्यांच्या जनरेटरच्या गाडीच्या ड्रायव्हरला! अण्णांना गिऱ्हाईक केलं. शॉट सुरू झाला. ड्रायव्हरनं कापडाच्या ताग्याशी जी झोंबाझोंबी चालवली, ती अण्णांना बघवेना. ते उठले, काउंटरच्या मागं गेले, ताग्याला एक झटका दिला, कापड झुळझुळ पसरलं.

"कट! कट! गिऱ्हाईक आत कसं गेलं?"

"सेल्समन आत आला साहेब, आता गिऱ्हाईकच तेवढं ऱ्हायलंय," अण्णा म्हणाले, "बोलवा की."

*

हिरो मात्र मेहनती. त्याला कापड फाडायचा शॉट होता. आम्ही कात्रीनं बोटभर चीर देतो आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडतो, रेघ मारल्यासारखं सरळ. हिरोनं फाडलं ते तिरकं. पुन्हा फाडलं, आणखी तिरकं. एका टेकला अर्ध्यातच अडकलं, एका टेकला त्याची बाहीच उसवली! मालक बाजूला उभे राहून हसत होते. तोंड हसत होतं, डोळे कापडावर.

सतराव्या टेकला कापड सरळ फाटलं. सगळ्या युनिटनं टाळ्या वाजवल्या. आणि कॅमेरावाला म्हणाला, "सर, फोकस गेला होता."

त्या दिवाळीला मालकांनी स्टाफला बोनसबरोबर प्रत्येकी बारा रुमाल दिले. सगळे तिरके!

*

आता कडोलीच्या आक्का, आमचं जुनं गिऱ्हाईक. शूटिंगच्या दिवसांत खालचा मजला चालू होता, वरचा शूटिंगसाठी बंद. दारात माणूस उभा केलेला, पण कडोलीच्या आक्कांना अडवणार कोण? नातीच्या लग्नाच्या साड्या घ्यायच्या म्हणून त्या थेट वर आल्या आणि गादीवर मांडी घालून बसल्या. समोर हिरॉईन. कॅमेरा चालू.

हिरॉईननं पाठ केलेलं वाक्य टाकलं, "ही साडी तुम्हाला अगदी शोभून दिसेल."

"मला कशाला शोभायला पायजे? नातीचं लगीन हाय. पदर दाखव."

हिरॉईनला पदर सापडेना! साडी उलटीपालटी करून तिनं काठ दाखवला.

"नवीन हायस व्हय गं?"

"हो."

"मग घाबरतीस कशाला? दे हिकडं." आक्कांनी साडी ओढून घेतली आणि पदर कसा काढायचा, निऱ्या कशा धरायच्या, ते तिला शिकवलं. डायरेक्टर हातानंच कॅमेरावाल्याला खुणावत होता, चालू ठेव, चालू ठेव! आक्कांनी चहा मागवला, चार साड्या बाजूला काढल्या, आणि पाऊण तासानं खाली उतरल्या.

जाताजाता मालकांच्या कानात म्हणाल्या, "पोरगी गुणाची हाय. जरा मंद हाय, पर काढू नका तिला."

*

माझ्याबरोबर काम करते ती शोभा. तिला पिक्चरमध्ये एक वाक्य मिळालं होतं. "ट्रायल रूम तिकडं आहे." एवढंच! पण आमच्या तोंडात दिवसभर कन्नड, मराठी, हिंदी एकत्र. तिच्या तोंडून दर वेळी "ट्रायल रूम आ कडे आहे" असंच निघायचं. 'आ कडे' म्हणजे कन्नडमधलं 'त्या बाजूला'.

"ही कुठली भाषा?" डायरेक्टर.

"हितलीच."

मग ती जिन्याखाली उभी राहून हात लांब करून प्रॅक्टिस करत बसली. "ट्रायल रूम तिकडं आहे. ट्रायल रूम तिकडं आहे." तेवढ्यात उद्यमबागेत फौंड्रीत काम करणारा एक माणूस दोन पँटी घेऊन तिथनं निघाला होता. मेव्हण्याच्या लग्नासाठी खरेदी. शोभाचा हात बघून तो सरळ तिकडं गेला.

तिकडं होतं ते प्लायवूडचं दार. शूटिंगसाठी जिन्यामागं उभं केलेलं. आत ट्रायल रूम नव्हती, मागची भिंतही नव्हती! मागं युनिटची वीसेक माणसं जेवत बसली होती. ह्यानं आत शिरून दाराकडं तोंड केलं, कडी लावली आणि बिनधास्त पँट उतरवली. नवी चढवली, बेल्ट लावला, वळला.

वीस माणसं हातात घास धरून बघत होती.

दुसरा कुणी असता तर पळून गेला असता. हा गडी पाठमोरा झाला आणि म्हणाला, "मागनं बसलीया का बराबर?"

"एक नंबर!" सगळे एका सुरात ओरडले.

दोन्ही पँटी घेऊन गेला.

*

आता खरं दुखणं सांगते. आमच्या दुकानात सेल्सगर्लनं बसायचं नाही, असा नियम होता. "बसलेली बाई दिसली की गिऱ्हाईक माघारी जातंय," हे मालकांचं ठाम मत. शोभाच्या पायांच्या शिरा फुगल्या होत्या, डॉक्टरची चिठ्ठी आणली, तरी मालक हलले नाहीत.

पिक्चरमध्ये मात्र सेल्सगर्ल स्टुलावर बसलेल्या! आर्ट डायरेक्टरनं तीन लाल स्टुलं आणली. एकावर हिरॉईन, मागच्या दोन्हींवर मी आणि शोभा. दहा दिवसांनी युनिट गेलं, स्टुलं राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उभी, आणि शोभा बसलेली!

मालक आले. "हे काय?"

"कंटिन्युटी हाय, मालक," शोभा म्हणाली.

दहा दिवसांत मालकांनी त्या शब्दाचा धसका घेतला होता. त्यांनी एकदा नुसतं कॅलेंडरचं पान फाडलं, तर कंटिन्युटी गेली, आधीच्या शॉटशी जुळेना म्हणून अर्ध्या दिवसाचं शूटिंग पुन्हा केलं होतं.

"अजून हाय?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"पॅचवर्कला, म्हंजे ऱ्हायलेले शॉट घ्यायला, कवाबी येत्यात म्हणं. शॉटमधी बसलेली दाखवलीया. उभी ऱ्हायलो तर तुटंल."

"कुठवर?"

"पिक्चर लागूस्तवर."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. "मग तू का उभी हायस? बस की गं!"

पिक्चर अजून लागलेला नाही.

*

पिक्चरमध्ये दुकानाचे जुने मालक वारलेले दाखवायचे होते. भिंतीवर फोटो पाहिजे होता. आमच्या मालकांनी वडलांचा फोटो द्यायला साफ नकार दिला. मग अण्णांच्या मुलीच्या लग्नातला अण्णांचा फोटो मोठा केला, फ्रेम केली, चंदनाचा हार घातला, वर लाल बल्ब. फोटोत भरघोस मिशी. खऱ्या अण्णांची मिशी गिऱ्हाईकाच्या कामासाठी मेकअपवाल्यानं आधीच उतरवली होती. युनिट गेलं, तरी फोटो काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

आठवडाभरात चिकोडीचे एक आप्पा आले. दर वर्षी शर्टाचं कापड आमच्याकडूनच घेणार, अण्णांकडूनच घेणार. फोटो बघून जागीच थांबले. टोपी काढली, हात जोडले. डोळे भरले.

"कधी झालं हे?"

"आप्पा, मी हाय की हितं!" अण्णा म्हणाले.

आप्पांनी त्यांना निरखलं. "तुम्ही धाकटे व्हय? तोंडावळा तोच हाय."

"अवो, मीच! मिशी काढलीया फकस्त."

"काढायचीच. सुतकात काढावीच लागती," आप्पांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "लई सरळ माणूस. इतकी वर्सं कापड घेतलं, मापात बोटभर कमी दिलं न्हाय. आमच्या घरात त्येंचं नाव निघतंय."

बत्तीस वर्षांत असं अण्णांना कुणी म्हटलं नव्हतं, मालकांनी तर नाहीच. त्यांनी गुपचूप तागा उलगडला, माप घेतलं, कापड फाडलं.

किंमत ऐकून आप्पांनी मान हलवली. "ते असते तर पन्नास कमी केले असते."

आता मालकांना विचारल्याशिवाय अण्णांनी आजवर कुणाला एक रुपया सोडलेला नव्हता. त्यांनी फोटोकडं बघितलं. मग पेन काढून बिलावर पन्नास कमी केले.

गल्ल्यावरनं मालक ओरडले, "अण्णा! कुणाला इचारून कमी केलासा?"

अण्णांनी मान खालीच ठेवली आणि फोटोकडं बोट केलं.