रुमालाखालचा भाव

आमच्या घरात एखादी गोष्ट सरळ झाली की सगळ्यांना धास्ती वाटते. गॅसचा सिलिंडर वेळेवर आला तर आई तो दोनदा हलवून बघते. रिक्षावाला मीटरने यायला निमूट तयार झाला तर मी घरी पोहोचेपर्यंत रस्त्यावर नजर ठेवून बसते. ही खोड आमच्यात अण्णांकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून आली. अण्णा मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचे आडते. त्यांच्या वडिलांच्या काळात तिथे भाव तोंडाने बोलत नसत. विकणारा आणि घेणारा हातांवर रुमाल टाकायचे आणि त्याच्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. भोवती उभ्या असलेल्यांना नुसता रुमाल हललेला दिसायचा. ती पद्धत कधीच बंद झाली, पण अण्णांच्या मते फक्त आमच्या गाळ्यावरची. "बाकी समदीकडं रुमाल हायच," असं ते म्हणतात. मग विषय सोसायटीच्या निवडणुकीचा असो की माझ्या शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेचा. त्या स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला होता आणि पहिल्या आलेल्या मुलीचा मामा कोण, याची चौकशी अण्णांनी आठवडाभर केली होती.

मी वकील आहे. शिवाजीनगर कोर्टात एका सीनियरांच्या हाताखाली बरीच वर्षं काढली. मसुदे मी करायचे, टिपणं मी काढायची, पुढच्या तारखा मी मागायच्या आणि युक्तिवादाला सर उभे राहायचे. पक्षकार मला "मॅडम, सर कुठे आहेत?" एवढंच विचारत. आपल्या नावाने, आपल्या बळावर एक काम मिळावं, एवढीच माझी इच्छा होती. स्वतःचं ऑफिस थाटायची ऐपत नव्हती, म्हणून मी नगरपालिकांमधल्या वकिलाच्या जागा शोधायला लागले.

शोधायला लागल्यावर पहिली गोष्ट कळली ती अशी, की या जागा कुणाला सापडू नयेत अशीच व्यवस्था असते. वेबसाइटवर लाल अक्षरांची पट्टी सरकत असते, तिच्यावर बोट ठेवावं तर गटारसफाईची निविदा उघडते. विधी अधिकाऱ्याची जाहिरात म्हणून जी सापडते ती गेल्या वेळची असते. आणि चालू जाहिरात छापून येते ती अशा पेपरात, जो आमच्या पेपरवाल्याने कधी बघितलेलाही नाही. मला तर खात्रीच पटली होती, की ज्याला जागा द्यायची आहे त्याला फोन करून सांगतात आणि बाकीच्यांसाठी ती पट्टी सरकवत ठेवतात.

तरी एक सापडली. पुण्याला अगदी लागून असलेल्या एका नगरपरिषदेला कंत्राटावर विधी अधिकारी हवा होता. जागा एकच. जाहिरात निघाली ती लागोपाठ सुट्ट्यांच्या आठवड्यात. दिवाणी दाव्यांचा अनुभव हवा, नगररचनेच्या कायद्याची माहिती हवी, मराठीत मसुदा करता यायला हवा, नगरपरिषदेविरुद्ध एकही दावा चालवत नसावा. मी अटी पुनःपुन्हा वाचल्या. सगळ्या मला बसत होत्या, आणि त्यानेच मी जास्त सावध झाले. अशा अटी कुणालातरी समोर उभं करून, माप घेऊन शिवलेल्या असतात. त्या माणसाचं आणि माझं माप चुकून एक निघालं असणार.

अर्ज मी स्वतः नेऊन दिला. आवक टेबलवरच्या गृहस्थांनी तो ट्रेमध्ये टाकला.

"पोच द्या," मी म्हटलं.

"विश्वास नाही का?"

"आहे ना. पोचही द्या."

त्यांनी शिक्का असा मारला, की टेबल हललं.

घरी येऊन अण्णांना बजावलं. कारण तिथल्या नगराध्यक्षांचे मेहुणे वर्षानुवर्षं आपला कांदा आमच्याच गाळ्यावर आणत. अण्णांनी एक शब्द टाकला असता, तर तो थेट पोहोचला असता. "कुणाकडेही बोलायचं नाही," मी म्हटलं. "झालं तर माझं मी झालं पाहिजे."

"बरं," अण्णा म्हणाले.

आमच्या घरात कुणी नुसतं 'बरं' म्हणत नाही. चहात साखर किती, यावरसुद्धा दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. त्या 'बरं'ने माझी झोप उडाली.

पुढच्या आठवड्यात आईने अण्णांचा डबा माझ्याकडे देऊन यार्डात पाठवलं. गाळ्यावर नगराध्यक्षांचे ते मेहुणे बसलेले. समोर चहा. मला बघून दोघंही बोलायचे थांबले. "ऊन वाढलंय," अण्णा म्हणाले. "लई," मेहुणे म्हणाले. मी डबा ठेवला आणि घाम पुसत परत आले. दोन व्यापारी माणसं उन्हावर गप्पा मारायला बसत नाहीत, हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे.

मुलाखतीच्या दिवशी नगरपरिषदेच्या बाकावर आम्ही बरेच जण होतो. त्यात एक पांढऱ्या कडक इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ होते. शिपाई त्यांना नमस्कार करत होता, साहेबांच्या खोलीतून त्यांना चहा आला, आणि ते फाइल न उघडता शांतपणे मोबाइल बघत होते. आम्ही बाकीचे कलमं पाठ करत होतो. मी ओळखलं, माप या शर्टाचं घेतलेलं आहे.

आणि गंमत म्हणजे ते ओळखल्यावर मला एकदम हलकं वाटलं. आता काही मिळायचं नाही तर भ्यायचं कशाला? आत मुख्याधिकारी आणि आणखी दोघे होते. त्यांनी विचारलं, "नगरपरिषदेविरुद्ध मनाई हुकूम झाला, तर आपण सर्वप्रथम काय कराल?"

"हुकूम होईपर्यंत आपण काय करत होतो ते बघीन," मी म्हटलं. "आपले बरेचसे दावे कायद्यात बसत नाहीत म्हणून हरत नाहीत. वेळेत म्हणणं दाखल होत नाही म्हणून हरतात. वकिलाकडे कागद येतात तारखेच्या आदल्या दिवशी, तेही अर्धे. तारखेला हजर राहिलेला कर्मचारी म्हणतो, मी नवीन आलोय. समोरच्या बाजूने मी हे इतर नगरपालिकांच्या बाबतीत पुष्कळ बघितलंय, आणि खरं सांगायचं तर त्याचा फायदाही घेतलाय."

मुख्याधिकाऱ्यांनी चष्मा काढला. उजवीकडचे खोकले. "आणखी काही?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी आणखीही बरंच सांगितलं. बाहेर येताना पांढऱ्या शर्टाकडे बघून मी मानेनेच शुभेच्छा दिल्या.

निवड माझी झाली. फोन आला तेव्हा मी आधी कुणी थट्टा करत नाही ना, याची खात्री करून घेतली. मग वेबसाइटवर लाल पट्टीत माझं नाव सरकताना बघितलं आणि ते परत फिरून येईपर्यंत तशीच बसून राहिले. आनंद झाला हो, खूप झाला. तो संध्याकाळपर्यंत टिकला.

सीनियर म्हणाले, "अभिनंदन. कोणामार्फत?" बाररूममधल्या मैत्रिणीने हात धरून बाजूला नेलं आणि म्हणाली, "मला तरी सांग ना." कहर म्हणजे कोर्टाच्या जिन्यात पांढरा शर्ट भेटला. तो त्या नगरपरिषदेच्या गावातलाच निघाला. शिपाई त्याच्या वर्गातला, चहाही त्या शिपायानेच आणून दिलेला. "मॅडम, तुमचं आधीच ठरलेलं होतं ना?" तो हसून म्हणाला. "मी तेव्हाच ओळखलं. इतकं निवांत कोण असतं मुलाखतीला?"

माझ्याही डोळ्यांपुढे उन्हावर बोलणारी ती दोन माणसं होती. एवढं मिळालं ते माझं, की अण्णांच्या कांद्याचं, हे कळल्याशिवाय मला त्या खुर्चीत बसणं शक्य नव्हतं. मी कोर्टातून निघाले ती सरळ यार्डात गेले.

लिलाव आटोपले होते. अण्णा गादीवर एकटेच कांद्याची सालं झटकत बसले होते.

"अण्णा, खरं सांगा. शब्द टाकलात ना?"

"न्हाई."

"मग मेहुणे इथे कशाला बसले होते? मला बघून गप्प का झालात?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "त्यांनीच विषय काढला. म्हणले, तुमच्या पोरीचा अर्ज आलाय म्हणं, दाजींच्या कानावर घालू का? मी नको म्हणलो."

आयुष्यभर ज्या माणसाने सगळीकडे रुमालच बघितला, त्याने समोरून आलेला हात माझ्या शब्दाखातर परत पाठवला होता. मी त्यांच्याजवळ गादीवर बसले, कोर्टाच्या काळ्या कोटासकट.

"मी नको म्हटलं होतं म्हणून?"

"तसं न्हाई," अण्णा म्हणाले. "असा शब्द एकदाच टाकता येतो, पोरी. तिकडं त्यांच्या हद्दीत आपल्या जागेवर गोदाम बांधायचं हाय, तवा परवानगीला त्यो लागंल. तुझं काय व्हणार न्हाई, हे मला ठावं व्हतं. मग उगं वाया कशापायी घालवायचा?"

ते सहज बोलले. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. मालाचा अंदाज सांगावा तसं सांगितलं. म्हणजे कुणीच मध्ये नव्हतं, जागा माझी मीच मिळवली होती, आणि मला हवा होता तो पुरावा हाच होता. त्यांनी शब्द टाकलेला असता तर मी त्यांच्याशी कडाडून भांडले असते. आता मला रडू येत होतं आणि भांडायलाही काही उरलं नव्हतं.

"गोदामाची फाइल माझ्याकडे आली, तर मी ती दुसऱ्या वकिलाकडे देईन," मी म्हटलं.

अण्णांनी ते ऐकल्यासारखं दाखवलं नाही. समोरच्या गाळ्याकडे एकदा बघून घेतलं, माझ्याकडे सरकले आणि आवाज खाली आणला.

"आता मला सांग. तुझं कोण हाय तिथं?"

"कुणी नाही, अण्णा."

त्यांनी समोरच्या गाळ्याकडे पुन्हा एकदा बघून घेतलं.

"बरं," ते म्हणाले.