पंपावरचा बाण

गुरुपादप्पा हलकुडे यांच्या नांदेडच्या गॅरेजमध्ये लाकडी बाकावर दोन वॉटरपंप शेजारी शेजारी ठेवलेले होते. त्यांतला एक चार वाजायच्या आत निवडायचा होता. चारला दीपाली येणार होती. तिची दोन दारांची, बाटलीसारखी हिरवी स्पोर्ट्स कार मागच्या शेडमध्ये बॉनेट उघडून उभी होती. पस्तीस वर्षांची ही परदेशी गाडी तिच्या वडिलांनी, लातूरच्या अर्जुनरावांनी, कधीकाळी हैदराबादेतून आणली होती. तिला हात लावायला तयार असलेला मेकॅनिक नांदेडात एकच होता.

एक पंप नवा, सकाळीच हैदराबादच्या बसने पार्सल आलेला. दुसरा गाडीबरोबर आलेला मूळचा. गेल्या वर्षी गळायला लागला म्हणून काढून ठेवलेला. त्यात गुरुपादप्पांनी आता नवं बेअरिंग आणि नवं सील घातलं होतं.

चुकायला जागा नव्हती. आठ महिन्यांपूर्वी माळाकोळीच्या पुढच्या चढावर गाडी तापली आणि इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं जाड झाकण, वाकलं. ते मशीनवर घासून सपाट केलं, तेव्हाच मशीनवाल्याने बजावलं होतं की पुन्हा घासायला धातू उरलेला नाही. तसं दुसरं हेड चौकशी करूनही कुठे मिळालं नव्हतं. गाडी आणखी एकदा तापली की संपली.

"नवाच टाका की अप्पा," शेजारचा लेथवाला श्रीमंत दारात उभा राहून म्हणाला. "म्हाताऱ्याला दात बसवले म्हणून तो काय ऊस खातो का?"

"मागच्या सालीबी नवाच टाकला होता. अकरा महिन्यांत गळला."

"मग म्हातारा टाका."

"तू तुझ्या लेथवर जा बरं."

श्रीमंत गेला नाही. गुरुपादप्पांनी दोन्ही पंप उचलले आणि पहिल्यांदाच उलटे करून पाठीकडून पाहिले. मग नुसतेच पाहत राहिले.

गाड्या हाती येण्याआधी वीस वर्षं ते निलंगा आणि शिरूर अनंतपाळ भागात शेतातल्या जळालेल्या मोटारी नव्या तारा गुंडाळून भरत. डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, वायरमनने फेज बदलले की मोटार उलटी फिरते. ती बंद पडत नाही, हेच वाईट. आवाज तोच येतो, पाणीही येतं, पण निम्मं; आणि माणूस बोअर आटला म्हणून डोक्याला हात लावून बसतो. म्हणून दुरुस्त केलेल्या प्रत्येक पंपावर गुरुपादप्पा पिवळ्या रंगाने बाण काढत. पंप कोणत्या बाजूला फिरला पाहिजे, त्याचा बाण. गाडीच्या पंपावर त्यांनी कधी बाण काढला नव्हता. गाडीत डीपी नसतो आणि फेज बदलायला वायरमन येत नाही.

आता त्यांच्या हातातल्या दोन पंपांची पाती एकमेकांच्या विरुद्ध दिशेला वळलेली होती.

त्यांनी खडू घेतला, शेडमध्ये जाऊन इंजिनाला पान्याने थोडा फेर दिला आणि पंपाचा पट्टा ओढणारं चाक ज्या बाजूला फिरलं त्या बाजूचा बाण त्यावर काढला. जुना पंप त्याच्याशेजारी धरला. पाती फिरण्याच्या दिशेला पाठ करून वाकलेली, जशी असायला हवीत तशी. नवा धरला. उलटी. मग सकाळीच काढलेला, अकरा महिने चाललेला गळका पंप त्यांनी भंगाराच्या डब्यातून वर काढला.

तोही उलटा होता.

त्यांनी हैदराबादला फोन लावला.

"हौ चचा, वो बाद के मॉडेल का हय," दुकानदार म्हणाला. "उसमें पट्टा उल्टा घुमता. लेकिन बोल्ट के सुराखां वईच हय. बैठा ना?"

"बैठा."

"फिर क्या होना?"

गुरुपादप्पांनी फोन ठेवला. गेल्या वर्षी तेही हेच म्हणाले होते. चारही बोल्ट सरळ गेले, गॅस्केट जुळलं, पंप बसला. बसला म्हणजे चालला, असं धरून त्यांनी बॉनेट लावलं. गावात चाळीसच्या वेगाने निम्म्या पाण्यावर इंजिन भागवत राहिलं. तीन महिन्यांनी चढ आला, तिथे भागलं नाही.

पण त्यांना जास्त लागली ती दुसरीच गोष्ट. गाडी तापली त्या संध्याकाळी अर्जुनरावांचा लातूरहून फोन आला होता. काय झालं, म्हणून विचारलं, तेव्हा गुरुपादप्पा ठामपणे म्हणाले होते, "पोरीनं काट्याकडं बघितलंच न्हाई. तापलेली गाडी तशीच रेटली." अर्जुनरावांनी गाडी नांदेडात ठेवू दिली, पण चढाच्या रस्त्यावर न्यायची नाही असं बजावलं आणि दुसरी किल्ली काढून घेतली. विष्णुपुरीच्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळणारी चौतीस वर्षांची दीपाली आठ महिने गावातल्या गावात फिरत होती. उद्या वडिलांना न विचारता, नवा पंप घालून ती लातूरला जाणार होती.

श्रीमंतला सगळं समजायला वेळ लागला नाही. "जुना बसवा अन् गप ऱ्हावा," तो हळू आवाजात म्हणाला. "गाडी चालंल. कोण पाठ उलटून बघणार हाय?"

"मी बघितली न्हवं."

"तुमचं सोडा, तुम्ही बसवणारे. अप्पा, या एका गाडीच्या नावावर लातूरहून लोक तुमच्याकडं येतेत. हेड तुम्ही घालवलं म्हणून कळलं तर कुत्रं फिरकणार न्हाई इकडं."

गुरुपादप्पांनी जुना पंप बसवायला घेतला. तिसरा बोल्ट आवळताना पाना दोनदा निसटला. असं त्यांचं होत नसे.

दीपाली चारला दहा मिनिटं असतानाच आली. "झालं का मामा? कोणता घातला?"

"जुना."

"नवा का नाही?"

इथे एक सोपं उत्तर तयार होतं, आणि श्रीमंत दारातून डोळ्यांनी तेच सुचवत होता. गुरुपादप्पांनी गळका पंप तिच्या हातात दिला, पाती दाखवली, खडूचा बाण दाखवला. सांगायला तीन-चार वाक्यं पुरली.

दीपालीने बोटाने पाती चाचपली. "म्हणजे मी काटा बघितला होता."

"बघितला असंल."

"असंल नाही मामा. बघितला होता. लाल रेषेला टेकायच्या आत गाडी बाजूला घेतली होती. तेव्हाच ओरडून सांगत होते मी तुम्हाला."

"हाव. सांगितलं होतंस."

"आता मला सांगून काय उपयोग?" तिने पंप परत त्यांच्या हातात ठेवला. "उद्या सकाळी सातला माझ्याबरोबर चला. हा घेऊन."

सकाळी सातला दोघं निघाली आणि लोहा गाठलं. गळका पंप गुरुपादप्पांच्या मांडीवर, वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. माळाकोळी मागे पडली, चढ लागला. पुढे उसाने भरलेला ट्रॅक्टर रांगत होता आणि ओलांडायला वाट नव्हती. काटा मधल्या खुणेवरून हलला, वर सरकू लागला. दीपालीने गिअर उतरवला. काटा आणखी अर्धी खूण चढला.

"थांबवू?"

गुरुपादप्पांनी खाली वाकून कान दिला. जुन्या पंपात नवं बेअरिंग होतं. त्याने दगा दिला, तर आज बोलायला काही शिल्लक राहणार नव्हतं. "नको. रेस तुटू देऊ नको. पाणी फिरू दे."

काटा तिथेच थांबला. ट्रॅक्टर एका शेताच्या वाटेला वळला, समोर वारा मोकळा झाला आणि काटा हळूहळू मधल्या खुणेवर परत आला. दीपालीने स्टिअरिंगवरचे हात एकेक करून ओढणीला पुसले.

लातूरला अर्जुनराव फाटकातच उभे होते. गाडी पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "चढावरून आणलीस? कुणाला विचारून?" मग शेजारी बसलेले गुरुपादप्पा दिसले. "तू हिला आणू कशी दिलीस?"

गुरुपादप्पांनी वर्तमानपत्र सोडून पंप ओट्यावर ठेवला. "हा उलटा फिरणारा पंप हाय. मी बसवला होता. हेड हिनं न्हाई घालवलं, मी घालवलं."

"अन् फोनवर मला सांगितलंस ते?"

"तेबी खोटं निघालं. तपासल्याबिगर बोललो."

अर्जुनरावांनी पंप उचलला नाही. "वीस वर्षं मोटारी भरल्यास तू," एवढंच म्हणाले.

"बाबा," दीपाली म्हणाली, "दुसरी किल्ली."

अर्जुनराव आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. पण किल्ली घेऊन ते लवकर बाहेर आले नाहीत. दोघं ओट्यापाशी उभीच राहिली. बसा म्हणायला कुणी नव्हतं.