अडसालीचं कार्ड

मूर्खपणा माझाच. ज्याची चूक सापडली, त्याच्याच हातात तिचा एकुलता एक लेखी पुरावा दिला. नक्कल ठेवली नाही. वर लाजून म्हणाले, "तुम्हीच ठेवा, साहेब." दोन वेण्या, तेलानं चोपडलेलं डोकं, आणि आत सगळा अंधार.

त्याचं फळ साखर कारखान्याच्या चेअरमनच्या खोलीत मिळालं. बाहेर शेतकरी आरडाओरडा करत होते. आत सात-आठ संचालक, त्यांचा चहा, आणि मी दारापाशी उभी. पुण्याहून आलेले प्रोग्रॅमर साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "कार्डं हिनं मारलीत. दोर वळणाऱ्यांच्या हातात मशीन दिलं की असंच होणार."

कुणीतरी हसलं.

आम्ही दोर वळणारेच. बाप घायपाताचे दोर वळायचा, आई लोकांच्या उसातलं तण भांगलायची. मी मॅट्रिक झाले आणि सांगलीजवळच्या या साखर कारखान्यात पंचिंगला लागले. सत्तरच्या दशकातली गोष्ट. कुणाचा ऊस आधी तोडायचा, ती पाळीची यादी पहिल्यांदाच कॉम्प्युटरवर होणार होती. कॉम्प्युटर पुण्यात. आम्ही इथं शेतकऱ्यामागे एक कार्ड भोकं पाडून तयार करायचो, पेट्या एस.टी.नं जायच्या, यादी छापून यायची.

प्रोग्रॅम साहेबांनी लिहिला. तो नीट चालतो का बघायला थोडी खोटी कार्डं कर, असं त्यांनीच मला सांगितलं. मी सात खोटे शेतकरी केले. नावं सगळी माझ्या मामांची. कुणाची पाळी कितवी यायला हवी, ते आधी हातानं मांडलं, मग कार्डं पाठवली. नात आता सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती म्हणते, "आजी, आम्ही आधी टेस्ट लिहितो, मग कोड." मी म्हणते, बरं झालं बाई, तुम्हालाही सुचलं.

कार्डं परत आली, सोबत यादी. अडसालीवाला मामा सगळ्यांत शेवटी. अडसाली म्हणजे जुलैत लावलेला ऊस. तो दोन पावसाळे बघतो, तोडायलाही तोच पहिला. ज्याच्या आईनं ऊस भांगलला नाही, त्याला हे कुठून ठाऊक असणार? प्रोग्रॅम लागणीचा महिना बघत होता, वर्ष बघतच नव्हता. म्हणून पुढच्या जानेवारीत लावलेला कोवळा ऊस आधी, आणि सहा महिन्यांनी थोरला मागे.

चूक कागदावर मांडून तो साहेबांना दिला. "शाब्बास," ते म्हणाले, "बघतो मी." त्या एका शाब्बासवर आठवडाभर तरंगले. आरशासमोर उभी राहून त्यांच्याच आवाजात स्वतःला शाब्बास म्हणून घेतलं. हे आज पहिल्यांदा सांगतेय.

त्यांनी काही बघितलं नाही. उद्घाटनाचा दिवस ठरला होता, मंत्री येणार होते. यादी तशीच लागली. अडसालीला तुरे आले, ऊस आतून पोकळ पडला. मग शेतकरी आले.

"साहेब, मी तुम्हाला कागद दिला होता," चेअरमनच्या खोलीत मी म्हणाले.

"कसला कागद?"

खरंच माहीत नसल्यासारखं विचारलं. दोर काढले, जात काढली, ते ओळखीचं होतं. हे नवीन होतं.

चेअरमननी टाइप केलेला कागद पुढं सरकवला. चूक माझ्या हातून झाली, एवढंच त्यावर. "सही कर, पोरी. नोकरी ऱ्हाईल."

मी पेन उचललं. होय, उचललं. मग खाली ठेवलं.

"माझी सात कार्डं कपाटात हायत. ती परत पुण्याला धाडा. माझी चूक निघाली तर सही करते."

कपाट उघडायला कुणी उठलं नाही. चूक कुणाची, हे त्या खोलीला जाणून घ्यायचंच नव्हतं. त्यांना एक अंगठा हवा होता. मी बाहेर पडले.

गेटपाशी आमच्या गावचे एक म्हातारे शेतकरी बसले होते. त्यांचा अडसाली गेला होता. मी ताठ मानेनं त्यांच्यापुढं जाऊन म्हणाले, "आबा, सही केली न्हाई मी. चूक मला तवाच घावली हुती. साहेबाला दावलीबी हुती." शाबासकीची चटक अशी लगेच सुटत नाही.

पुढं जिथं जिथं काम केलं, तिथं सापडलेली चूक बंद खोलीत दिली नाही. ज्याचं रान जाणार त्याला आधी सांगितली, साहेबाला मागाहून. त्यापायी दोन नोकऱ्या गेल्या. गेल्या तर गेल्या. कारण आबांनी मला शाबासकी दिली नाही. ते म्हणाले,

"मग आमाला का न्हाई सांगितलंस गं? तुझी आय रोज माज्याच रानात हुती."